सूपभर कोंड्यावर नात विकली

माझं वय बराबर किती ते कुणालाच ठाऊक न्हाई. कार्डावर बहात्तर हाय, ते लिहिणाऱ्यानं माझ्या तोंडाकडं बघून टाकलं. शाळा दुसरीपर्यंत झाली. सही येती, बसवरचा बोर्ड वाचता येतो. मरणाचं मात्र मला कुणी शिकवायची गरज न्हाई. तीन लेकरं या हातानं मातीत घातली, नवरा गेला, दोन दीर गेले. रडले, अन् दुसऱ्या दिशी खुरपायला गेले. तरी यंदा माघात माझ्या नातीनं मला मरण शिकवायला घेतलं.

नात बारावीला. आमचं गाव कुरुंद्यापासून तासाभराच्या चालीवर हाय, कालेज तिकडंच. पोरी ऑटोनं जातात. दिवाळी झाल्यावर एक दिवस ही ऑटोत बसली, अन् ओळखपत्र घरी राहिलं म्हणून खाली उतरली. ऑटोवाला कशाला थांबतो. फाट्यावर उसाच्या ट्रॉलीला धडकून ऑटो उलटला. हिच्या जागेवर जी पोरगी सरकून बसली व्हती, ती जाग्यावर गेली. बाकीच्यांचे हातपाय मोडले.

नात महिनाभर धड बोलली न्हाई. पण कालेजला जायची. मी म्हणलं, निघंल यातून. आमी निघालोच की.

मंग कुणीतरी तिच्या मोबाइलवर एक पिच्चर टाकला. मी हळदीच्या गड्ड्याची बोटं मोडत बसले व्हते, ही कोपऱ्यात तोंडावर ओढणी घेऊन बघत व्हती. संपल्यावर पांढरीफटक. मी म्हणलं, "काय व्हतं त्यात?"

तिनं सांगितलं. पोरं-पोरी सहलीला जातात. नावेत बसतात. एकीला आधीच दिसतं, नाव बुडणार. ती चारपाच जणांना घेऊन उतरती, अन् नाव खरंच बुडती. मंग जे उतरले त्यांच्या मागं मरण लागतं. कारण त्यांचं मरण ठरलेलं व्हतं अन् त्यांनी ते चुकवलं. जसे नावेत बसले व्हते त्या नंबरानं एकएकाला धरतं. कुणी न्हाणीत घसरतं, कुणाच्या डोक्यात पंखा पडतो, कुणी घास अडकून जातं.

"शेवटाला कोण वाचतं?"

"कुणीच न्हाई."

"मंग कशाला बघितलास?"

"आज्जे, तुला कळत न्हाई. मी बी उतरले व्हते."

तिथून घराचा जो इस्कोट झाला तो मी काय सांगू. पंखा बंद. गॅसची नळी काढून ठेवली, मला चुलीवर आणलं. इळे, कोयता, कुऱ्हाड, समदं कुठं लपवलं कुणास ठाऊक. मी बांधावर गवताला निघाले की इळा सापडत न्हाई. भाकरीचा घास इतका चावायची की आमचं जेवण उरकून ताटं घासून व्हायची, हिची अर्धी भाकर तशीच. ऑटोचं नाव काढलं की अंग आकसून घ्यायची. कालेज बंद. परीक्षेचं हॉलतिकीट मैत्रिणीनं आणून दिलं, ते हिनं उघडून बी बघितलं न्हाई.

मी समजावलं. ओरडले. एक दिवस पाठीत धपाटा बी घातला. ती म्हणायची, "मार, पण ऑटोत बस म्हणू नको."

माझा लेक, म्हणजे तिचा बाप, हळद शिजवायच्या भट्टीवर असतो. या दिवसांत गावोगाव भट्टी फिरती, तो चार दिसाला एकदा घरी येतो. सून बी त्याच्यासंगं कामाला. एका खेपंला तो आला, पोरीकडं बघितलं अन् मला म्हणला, "माय, हिला अठरा पुरे झाले. सेनगावाकडून सोयरिकीची विचारणा आली हाय. बारावी करती म्हणून मी त्यांना थांबवलं. आता ही पेपरच देणार न्हाई, तर मी काय सांगून थांबवू? पेपर दे, निकाल लागू दे, मंग पुढचं बोलू. न्हाई तर चैत्रात बार उडवून टाकतो."

तो वाईट न्हाई. पण एकदा बोलला की बोलला. पोरीनं ऐकलं अन् भिंतीकडं तोंड केलं. मला तेराव्या वर्षी उजवलं व्हतं. मला कुणी इचारलं न्हाई, मी बी कुणाला इचारलं न्हाई. पण या पोरीनं सातवीतच मला सांगून ठेवलं व्हतं की ती नर्सचं शिकणार. भीतीपायी ते समदं जाणार अन् ही सेनगावात कुणाच्या तरी भाकरी थापणार. याचा मला लई राग येऊन राहिला व्हता, अन् तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मोबाइलवर काढावा तर तो बी बंद करून डब्यात ठेवलेला, म्हणे बॅटरी फुटती.

मंग मी तिच्याच भाषंत बोलले. म्हणलं, "मरणाजवळ यादी हाय म्हणतीस ना? आपल्याकडं यादीतून नाव काढायचा उपाय हाय."

ती पैल्यांदा माझ्याकडं वळून बसली.

मी सांगितलं. माझी तीन लेकरं सालभराची व्हायच्या आत गेली. चौथ्याला, म्हणजे तिच्या बापाला, सासूनं पाटीत घालून उकिरड्यावर ठेवलं. सुईणीनं तिथून उचललं. माझ्या पदरात सूपभर ज्वारीचा कोंडा टाकला अन् म्हणली, हे लेकरू आता माझं, मी मोल दिलं. पाच दिवस तिच्या घरी. त्याला गावची शीव ओलांडू द्यायची न्हाई, आईबापानं हाक मारायची न्हाई. मी पाजायला जायची तर सुईण दारातून म्हणायची, "दूधवाली आली." पाच दिसांनी कोंडा परत देऊन त्याला घरी आणलं, अन् नाव असं ठेवलं की ऐकणारानं नाक धरावं. शाळंत पोरांनी त्याला त्या नावावरून लई छळलं, त्याचा राग त्याला आजबी हाय. पण जगला. यम ज्या घराच्या लेकराला घ्यायला येतो, त्या घरचं ते लेकरूच न्हाई, मंग तो कुणाला नेणार?

खरं बोलायचं तर त्याच साली गावात सुई देणारी नर्सबाई बी यायला लागली व्हती. लेकरू उकिरड्यानं वाचलं का सुईनं, ते मला आजपर्यंत कळलं न्हाई. नातीला हे मी सांगितलं न्हाई.

नात मंग म्हणली, "पिच्चरमधी हे कुणी केलं न्हाई."

"त्यांच्याकडं सूप नसंल."

"कर मंग. उद्याच कर."

इतक्या लवकर तयार झाली तवाच मला उमगायला पाहिजे व्हतं.

आमच्या घरामागं बौद्धवाड्याची गल्ली. तिथली एक बाई शाळंत खिचडी शिजवायची, आता घरीच असती. एकटी हाय, तोंडानं तिखट, पण लेकरांना जीव लावती. नात तिला मावशी म्हणती. मी तिला समदं सांगितलं.

ती म्हणली, "अक्का, आमी हे उतारे-बितारे कवाच सोडले. माझ्या दारात आणू नका."

"तू मानू नको. नुसता कोंडा दे अन् पोरगी घे."

"कोंडा बी माझा, पोरगी बी मीच पोसायची. हा कुठला बाजार?"

"पाच दिसांनी कोंडा परत देते."

"तवर माझ्या शेळीनं काय खायचं, तुमचं वचन?"

बोलली, पण सूप घेऊन आली. नातीला उकिरड्यावर बसवलं. एवढी घोडी पोरगी, गुडघे छातीशी घेऊन बसली, अन् हसली न्हाई. मावशीनं माझ्या पदरात जोंधळ्याचा कोंडा टाकला, पोरीचा हात धरला अन् म्हणली, "ऊठ गं, आता माझी झालीस. पैलं हातपाय धू, शेण लागलंय."

मला बरं वाटलं. शेजारच्या पोरीची परीक्षा गेल्या साली शिवरात्र झाल्यावर लागली व्हती, म्हणून यंदा बी तसंच असंल असं मी धरून चालले. शिवरात्रीला आठ दिवस व्हते. म्हणलं, पाच दिवस जातील, पोरगी मोकळी व्हईल, मंग परीक्षा.

तिसऱ्या दिशी सकाळी नातीची मैत्रीण दारात आली. तिचा भाऊ मोटारसायकलवर. म्हणली, "आज्जी, ती कुठाय? अकराला पेपर हाय."

"कशाचा पेपर?"

"बारावीचा. इंग्लिशचा. तिला माहीत हाय की."

मी तशीच मागच्या गल्लीत गेले. नात मावशीच्या वट्यावर मेथी निवडत बसली व्हती.

"आज पेपर हाय?"

तिनं मेथीची जुडी मांडीवर ओढली.

"काहून सांगितलं न्हाईस मला?"

"आज्जे, तू मला बोलू नको. पाच दिवस झाले न्हाई. शीव ओलांडायची न्हाई, तूच म्हणलीस."

शिवंची गोष्ट खोटी हाय म्हणावं, तर समदा उपाय खोटा पडतो अन् ही उद्यापासून पुन्हा कोपऱ्यात. खरी म्हणावं, तर पेपर गेला, अन् पेपर गेला की सेनगाव आलं. माझ्याच हातानं मी तिला लपायला जागा करून दिली व्हती. पोरगी माझ्याकडं बघत न्हाई, मेथीची काडी न् काडी निवडून राहिली. मला वाटलं, त्या पिच्चरवाल्याला धरावं अन् याच उकिरड्यात लोटावं.

मावशी न्हाणीतून केस पुसत बाहेर आली. मैत्रीण माझ्या मागं येऊन उभी व्हती, तिनंच समदं सांगितलं.

मावशी मला म्हणली, "अक्का, ही पोरगी कोणाची?"

"तुझी."

"बराबर? मोल दिलंय मी?"

"दिलंय."

"मंग ज्या गावची शीव हिनं ओलांडायची न्हाई, ते तुमचं गाव. माझं माहेर कुरुंदा. माझ्या लेकराला मी माझ्या माहेरी घेऊन चालले. आजोळी जायला कोणाची बंदी हाय?"

हे मला सुचलं न्हाई. सुईणीच्या येळंला बी कुणाला सुचलं नव्हतं, तशी येळच आली नव्हती.

नात म्हणली, "मी ऑटोत बसणार न्हाई."

"कोण बस म्हणतंय? पायी चल."

"रस्त्यात काय झालं तर?"

"तर माझं नुकसान व्हईल, कोंडा गेला माझा. ऊठ."

मैत्रिणीनं आमच्या घरातून हॉलतिकीट अन् पेन आणून दिला. मला संगं जाता येत नव्हतं, जन्मदात्या घरच्या माणसानं मागं जायचं न्हाई. मी मारुतीच्या पारापर्यंत गेले अन् थांबले. रस्त्याच्या कडंकडंनं दोघी चालल्या व्हत्या. उसाची ट्रॉली आली की नात शेतात उतरायची, मावशी तिला दंडाला धरून पुन्हा वर घ्यायची. दिसत व्हत्या तवर मी बघितलं, मंग घरी येऊन हळदीला लागले.

पंधरा मिनिटं उशीर झाला, तरी आत घेतलं म्हणे. येताना दोघी बसनं आल्या. मावशीचे पाय सुजले व्हते. नात बसमधी दारापाशी उभी राहून आली, दांडी धरून. मी इचारलं, "पेपर कसा गेला?" तर माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मावशी म्हणली, "अक्का, माझ्या पोरीला इचारू नका. पाच दिवस व्हायचेत तुमचे."

पाच दिवस झाले. मी सूप भरून गेले.

"आत्ता न्हाई," मावशी म्हणली. "समदे पेपर झाल्यावर या."

"रीत पाचच दिसाची हाय."

"तुमच्या रीतीनं पोरगी घरात बसली. माझ्या रीतीनं पेपर देऊन राहिली."

भांडले मी. खोटं कशाला सांगू, गल्ली गोळा व्हईपर्यंत भांडले. तिनं दार लावून घेतलं. त्या दिवसांत लेक आला तर त्यानं बी मलाच सुनावलं, "माय, तू पोरगी शेजारी देऊन बसलीस, लोक हसून राहिले." मी कोणाकोणाला सांगू? सकाळी नात माझ्या दारावरून जायची, मावशी मागं. कधी पायी, पुढं पुढं बसनं. एक दिवस तर ऑटोनं गेल्या, मावशी कडंला बसली अन् नात मधी. मी दारात उभी असायची. नात मान खाली घालून जायची. मला तेराव्या वर्षी सासरी नेलं तवा माझी माय अशीच उभी असंल का, हे मी आधी कधी मनात आणलं नव्हतं. आणून बी काय उपयोग.

शेवटचा पेपर झाला त्या दिशी मी पुन्हा सूप घेऊन गेले. मावशीनं कोंड्यात हात घातला. "हा तर जोंधळ्याचा न्हाई, गव्हाचा हाय."

"शेळी खाईल की."

"पोरगी शिकलेली झाली. भाव वाढला."

"मंग ठेव तुझ्याकडं."

ती हसली अन् सूप घेतलं. नात पिशवी घेऊन माझ्या मागं मागं घरी आली. भीती गेली का, मला ठाऊक न्हाई. रात्रीचं जेवण व्हायला अजून तितकाच येळ लागतो तिला.

दोन दिसांनी लेक भट्टीवरून आला. बाजेवर बसून म्हणला, "सेनगावचे रविवारी यायचं म्हणतात. माय, काय करू?"

मी काही बोलायच्या आत नात आतून म्हणली, "मी समदे पेपर दिले. निकाल लागल्यावर या म्हणा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हळदीचं बोट मोडत राहिले.

"कवा लागतो निकाल?"

"मे मधी."

"अन् नापास झालीस तर?"

"तर नापास झाले म्हणून सांगा त्यांना. पेपर दिला न्हाई असं तर कुणी म्हणणार न्हाई."

तो अंगणात गेला. फोनवर मोठ्यानं बोलला, तिकडं ऐकू येत नसंल म्हणून. "निकालापर्यंत थांबा," म्हणला. दोनदा म्हणला. मंग आत आला अन् जेवायला वाढ म्हणला.