पाठकोऱ्या पानांचा कौल

आयुष्यात मी दोन ओझी वाहिली. एक सरकारी टपालाची पिशवी आणि दुसरं कवित्व. पिशवीचा मला कधी भार वाटला नाही, कारण आत काय लिहिलं आहे याची जबाबदारी माझ्यावर नव्हती. कवित्वाने मात्र मला पुरतं छळलं. पोलादपुराहून आठवड्यातून दोनदा मी टपाल घेऊन कुडपणच्या पठारावर चढत असे. त्या चढावरच मला ओव्या सुचत. वर पोचलो की सोमजाईच्या देवळाच्या पायरीवर बसून त्या घाईघाईने वहीत उतरवायच्या, मग पत्रं वाटायची, वाचून दाखवायची, लोक सांगतील तशी उत्तरं लिहून द्यायची आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरायचं. देवीचं एक मोठं आख्यान रचायचं मी मनाशी धरलं होतं आणि ते बरंचसं झालंही होतं. बायको म्हणे, "पाय सरकारचे, डोकं देवीचं, मग घराला उरलं काय?" तिचं खरं होतं, पण आख्यान सुटत नसे.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास धीर करून मी महाडातल्या एका विद्वान गृहस्थांना वही दाखवली. त्यांनी चार पानं वाचली, चष्मा काढला आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "चरण वाटेल तिथे मोडतात हो. वाचणाऱ्याला धाप लागते. तुम्ही टपाल चोख वाटता असं ऐकतो. तेवढंच करावं." ते रागावून बोलले असते तर मीही रागावलो असतो. पण त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि तेच फार लागलं. परतताना सावित्रीच्या काठी बसून मी माझीच वही परक्याच्या डोळ्यांनी वाचली. प्रत्येक ओळीत मला धाप ऐकू आली.

तरी आशा वाईट असते. पुढच्या फेरीला मी कुडपणच्या गुरवाला कौल लावायला सांगितला. आमच्याकडे अडल्या गोष्टीला देवीला असंच विचारतात. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं, की या लेकराने लिहावं की सोडावं ते सांग. मी हात जोडून उभा राहिलो. ऊन पायरीवरून खाली सरकलं तरी एकही पाकळी हलली नाही.

"आज आई बोलत नाय," गुरव म्हणाला. "वाईच थांब. घाई कशाला करतोस?"

थांबणार कसा? पिशवीत पत्रं होती. मी निघालो, आणि चालता चालता मनाशी ठरवून टाकलं की देवीला नकार देण्याइतकंही माझं लिखाण मोलाचं वाटलेलं नाही. त्या दिवशी मी लिहिणं सोडलं.

वही तेवढी उरली. शाई मागे फुटे म्हणून मी पानाच्या एकाच बाजूला लिहीत असे, त्यामुळे सगळी पानं पाठकोरी होती. चांगला कागद वाया का घालवावा? लोकांची उत्तरं मी त्या कोऱ्या बाजूंवर लिहू लागलो. म्हशीला रेडकू झालं, भिंत लिंपून झाली, पोरीची सोयरीक आली असं सारं एका बाजूला आणि माझ्या टाकून दिलेल्या ओव्या दुसऱ्या बाजूला. पान फाडताना पहिल्यांदा हात अडखळला, मग सवय झाली. माघात शेवटचं पान गेलं, ते भागीकाकूच्या पत्राबरोबर. तिचा धोंडू मुंबईला गिरणीत होता.

पंधरा दिवसांनी धोंडूचं उत्तर आलं. काकूच्या ओट्यावर बसून मी नेहमीसारखं मोठ्याने वाचू लागलो आणि मध्येच थबकलो. लिहिलं होतं, 'आई, कागदाच्या पाठीमागं देवीचं लिव्हलंय. पुढचं पान कुणाच्या कागदात येतं त्याची सगळी खोली वाट बघते.' कुडपणची सारी माणसं तिकडे गावकीच्या एकाच खोलीत राहत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझी एकूणएक पानं त्या एका खोलीत गोळा झाली होती. वाटलं, जेवणानंतर करमणूक म्हणून वाचत असतील आणि हसत असतील.

"का रे थांबलास?" काकूने विचारलं.

"अक्षर लागत नाही."

"इतकी वरसं लागत व्हतं ते?"

मी तेवढी ओळ गाळून पुढचं वाचलं. टपालाच्या नोकरीत मी केलेली लबाडी ती एवढीच.

शिमग्याला मुंबईची मंडळी दासगावच्या धक्क्यावर उतरून गावी आली. पालखीच्या दिवशी टपाल नसतानाही माझे पाय मला कुडपणच्या वाटेला घेऊन गेले. देवीची पालखी खालच्या वाडीला जाऊन परत पठाराकडे निघाली होती. मी वळणावर दगडाआड उभा राहिलो. चढ सुरू झाला आणि पालखी खांद्यावर घेतलेली माणसं गाऊ लागली.

चढता चढता,
दम गेला, माय,
वर बसून
बघतेस काय?

ओवी माझी होती. जिथे चरण मोडत होता तिथे त्यांचं पाऊल टेकत होतं, जिथे धाप होती तिथे ते श्वास घेत होते. त्या माणसांनी माझी एकही चूक दुरुस्त केली नव्हती आणि पालखी न हिंदकळता वर येत होती. मी दगडाआडून बाहेर आलो ते मला कळलंही नाही. डोळ्यांना धार लागली होती आणि छाती, खोटं कशाला सांगू, अभिमानाने भरून आली होती.

गाणं तिथेच संपत होतं, कारण वही तिथेच संपली होती. देवी काय उत्तर देते ते मला कधी सुचलंच नव्हतं. पालखी थांबली. पुढच्या दांड्याखालून धोंडूने मला पाहिलं.

"दादा, तुझंच अक्षर हाय ना ते? आईचं कागद लिवतोस तेच. मंग पुढं सांग की. आई काय बोलते?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

"मंग खांदा तरी दे."

कुणीतरी बाजूला झालं आणि दांडा माझ्या खांद्यावर आला. पिशवीची सवय असलेला तोच उजवा खांदा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चालू लागलो. चार पावलांवर धाप लागली आणि धापेबरोबर शब्द आले. मी ते रचले असं मला आजही म्हणवत नाही.

वर कुठं रे,
खांद्यावर हाय,
तुझ्या पायांनी
चढतेय माय.

मग पालखीभोवती तीच ओवी उठली, आणि ती थेट देवळापर्यंत टिकली. दारात गुरव उभा होता. माझ्या कपाळाला गुलाल लावत तो एवढंच म्हणाला, "थांब म्हनलं व्हतं ना रे?"

गावोगावची उत्तरं पोचवणारा मी, माझ्या उत्तरासाठी मात्र अर्धा दिवस थांबलो नव्हतो. आईने ते मुंबईला वळसा घालून पाठवलं, आणि पोचवायचं कामही मलाच लावलं. यात चमत्कार किती आणि योगायोग किती, हे मी कधी तपासलं नाही. पत्र वाटेत फोडून बघायचं नसतं, ज्याचं त्याला द्यायचं असतं. लिहिणंही तसंच आहे, हे मला त्या चढावर समजलं.

घरी आलो तेव्हा बायकोने गुलाल पाहिला, सगळं ऐकलं आणि पुढच्या बाजाराला महाडहून नवी वही आणली. तिची पानं फाडायची नाहीत अशी तिची ताकीद आहे. आख्यान पुरं व्हायला आणखी तीन पावसाळे गेले. चरण अजूनही वाटेल तिथे मोडतात. ते बदलावेत असं आता वाटत नाही. दर शिमग्याला आई त्यांच्यावरून चढून घरी जाते.