काहील कुणी घासायची

शिंप्याच्या दुकानात चिंध्या कुणी मुद्दाम गोळा करत नाही. त्या आपोआप साठतात. एक दिवस बघावं तर पोतं भरलेलं असतं, आणि टाकून द्यायला हात होत नाही. माझ्याकडे किस्से असेच साठलेत. चार माणसं दुकानात टेकली की कुणीतरी म्हणतंच, "टेलर, त्या मगरीचं सांगा की." आता मगरीचं काय सांगू? तिनं आम्हाला काहीच केलं नाही. जे काय केलं ते आम्हीच केलं.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या चार-पाच उन्हाळ्यांची. आमचं गाव कृष्णेच्या काठी, कऱ्हाडच्या खाली. गावाजवळ नदीत एक डोह आहे. दुष्काळात नदी आटली, पण हा डोह आटला नाही, आणि त्यातली मगरही गेली नाही. पाण्यावर असताना तिचं नाव घ्यायचं नाही म्हणून आम्ही तिला 'थोरली' म्हणायचो. धाकटी कुणी नव्हती.

मासे धरणारे आम्ही चौघं. प्रत्येकाला घेण्यामागे काहीतरी कारण होतं. दिनकरचं गुऱ्हाळ होतं, म्हणून काहील त्याची. बाबालालभाई त्याच गुऱ्हाळावर गूळ शिजवणारे, मूळचे मलकापूरचे. मासा कुठं बसलाय ते त्यांना पाण्याच्या रंगावरून कळायचं. तात्या मिल्ट्रीतून पेन्शनीत आलेले, तिथं वीस वर्षं स्वयंपाकी होते, म्हणून मासा शिजवायचं काम त्यांचं. आणि गळाला लागणारा मजबूत दोरा माझ्याकडे. मला मासे धरता येत नाहीत हे सगळ्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण दोरा होता म्हणून चालवून घेतलं.

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, घरातल्या बाजेपेक्षा रुंद. शिमग्याच्या सुमाराला गुऱ्हाळ थांबलं की आमच्याकडे ती खुशाल नदीत टाकतात आणि नाव म्हणून वापरतात. नावेला पुढं-मागं असतं, काहील पडली गोल. फळीनं वल्हवायला लागलं की ती आधी स्वतःभोवती फिरते, मग मनात आलं तर पुढं जाते.

पण तिच्यात पुन्हा गूळ शिजायचा असतो. म्हणून संध्याकाळी परत देताना मासळीचा वास राहता कामा नये. वाळू आणि राख घेऊन, आत बसून, दोन तास घासायची. हे कुणी करायचं यावरून पहिल्या उन्हाळ्यात आमची जवळजवळ मारामारी झाली. शेवटी बाबालालभाईंनी नियम केला. "थोरली दिसल्यावर जो पयल्यांदा 'माघारी' म्हनंल, त्यानं घासायची. जो भ्याला त्याची काहील."

हा नियम पुढं सगळ्या गावाला पाठ झाला.

* * *

पहिली काहील मी घासली. लाजायचं कारण नाही, तुम्हीही घासली असती.

माझा गळ तळाला अडकला. मी ओढला. येईना. दोन्ही हातांनी ओढला, तर तळ चालायला लागला. काहील त्याच्यामागून निघाली. वल्हवून कधी सरळ गेली नव्हती, ती त्या दिवशी सुतात गेली.

तात्या शांतपणे म्हणाले, "टेलर, दोरा लय चांगला दिलायसा. आता तोडा."

जन्मभर कात्री हातात धरलेला मी, आणि त्या दिवशी खिशात साधं ब्लेड नव्हतं. दातानं तोडला. समोरचा एक दात तेव्हापासून हलतोय. तुटल्यावर काहील थांबली, आणि मी जो 'माघारी' म्हणालो तो पलीकडच्या काठावर मळीच्या रानात राबणाऱ्या बायकांनीसुद्धा ऐकला.

* * *

दिनकरचा मेव्हणा लोणंदला, रेल्वेत तिकीट द्यायच्या खिडकीवर. एका रविवारी तो मुंबईहून आणलेली गळाची काठी घेऊन आला. काठीला चाक होतं. मगर आहे म्हटल्यावर हसला. "रेल्वेत असल्या अफवा मी रोज ऐकतो," म्हणाला.

आमचा नियमही त्याला सांगितला. त्यावर तो म्हणाला, "माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही."

बाबालालभाई काठावर थांबले आणि त्यांच्या जागी मेव्हणा बसला. सकाळचे दहा वाजले असतील. थोरली त्याच्या बाजूनं वर आली. आधी डोळे, मग नाक, मग बराच वेळ नुसती पाठच. मेव्हण्यानं काठी आत घेतली, पाय पोटाशी घेतले, पण शब्द दिला होता. तोंडातून 'माघारी' काढला नाही. थोड्या वेळानं दिनकरकडे वळून अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "दाजी, लोणंदला जाणारी शेवटची गाडी किती वाजता असते हो?"

ह्याला माघारी धरायचं का, यावर काठावर वाद झाला. बाबालालभाईंनी निकाल दिला, "खिडकीवरचा मानूस दुसऱ्याला गाडी इचारतोय म्हंजे धरायचंच."

मेव्हण्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काहील घासली. काठी आमच्याकडेच राहिली. तिचं चाक मी पुढं रिळं गुंडाळायला वापरलं.

* * *

आप्पा म्हणजे दिनकरचे वडील. नाक असं, की शेजारच्या गुऱ्हाळाचा गूळ करपला तर यांना इथं ठसका लागायचा. काहील नदीवर जाते हे त्यांना दिसायचं, पण कशाला जाते हे दिनकरनं कधी सांगितलं नव्हतं. आणि आप्पांच्या घरात मासळी चालत नसे. निदान आम्ही तसं ऐकून होतो.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं. पहिल्याच दिवशी आप्पांनी रिकाम्या काहिलीत वाकून नाक घातलं. दिनकरचा चेहरा पडला. उन्हाळ्यातल्या शेवटच्या खेपेला घासायची पाळी त्याची होती, आणि त्यानं अंग चोरलं होतं.

आप्पा म्हणाले, "बाबालाल, काहिलीला मरळीचा वास येतोय."

बाबालालभाई चुलीत जळण सारत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "आप्पा, मासा म्हना की. मरळच हाय ते तुमास्नी कसं वळाकलं?"

आप्पांनी नाक बाहेर काढलं. मग उठून उसाच्या मोळ्या मोजायला गेले.

पुढच्या शिमग्यापासून दर रविवारी झाकणाचा एक डबा आप्पांच्या खोपीत जायला लागला. तात्या त्यात तिखट जरा बेतानं घालायचे. काहील मागायची पाळी पुन्हा आली नाही. आप्पांनी फक्त एवढंच बजावलं, "घासायला कुचराई करू नगासा."

* * *

आता तात्यांचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय शेवटचं कळायचं नाही.

आमच्या भागात घरटी एक माणूस मिल्ट्रीत. पारावर बसलं की कुणी खंदकातलं सांगतो, कुणी बर्फातलं. तात्या नवे नवे आले तेव्हा त्यांनाही कुणीतरी विचारलं, "तात्या, लढाईत तुमी काय केलंसा?"

तात्या साधे. जे होतं ते सांगितलं. "तीनशे मानसांची डाळ."

असा हशा पिकला की काय विचारता. तात्या पुढं म्हणाले, "आन ती खंदकापतोर पोचवायची." पण ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही, मी अगदी खेटून बसलो होतो. तेव्हापासून गावात त्यांचं नाव डाळहवालदार. शाळेत झेंड्याला माजी सैनिकांना रांगेत उभं केलं, तिथंही मागून एकजण म्हणाला, "तात्या, डाळीचा डाव कुठाय?" तात्या सगळ्यांबरोबर हसले. पण पेढा न घेताच घरी गेले. मला वाईट वाटलं, आणि मी काही बोललो नाही याचं आजही वाईट वाटतं.

डोहात मात्र तात्यांच्या तोंडून 'माघारी' कधी निघालं नाही. मी घासली, दिनकरनं घासली, बाबालालभाईंनी स्वतःच्याच नियमानं दोनदा घासली. तात्यांनी चार उन्हाळ्यांत काहील घासायला हात लावला नाही.

एकदा ते काहिलीत बसून लसूण सोलत होते. वेळ वाया घालवायचा नाही ही मिल्ट्रीची सवय. थोरली इतकी जवळ आली की तिच्या नाकपुड्या उघडमिट होताना दिसत होत्या. आम्ही तिघं एकमेकांकडे बघतोय, आधी कोण म्हणतो म्हणून. तात्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हा जरा. दोन पाकळ्या ऱ्हायल्यात."

हे मी पारावर सांगितलं. मुद्दाम, डाळहवालदार म्हणणाऱ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर फरक पडला. "तात्या म्हंजे गड्या, मिल्ट्रीचा मानूस," असं लोक म्हणायला लागले. तात्या पारावर मधल्या जागेवर बसायला लागले. कधी कुणी नवा माणूस आला की स्वतःच विषय काढायचे, "आमच्यात ह्यांनी समद्यांनी काहील घासलीया." स्वतःचं सांगायचे नाहीत, आम्ही सांगायची वाट बघायचे. वीस वर्षांच्या नोकरीनं दिलं नव्हतं ते त्यांना या न घासलेल्या काहिलीनं दिलं होतं. म्हणून पुढं पुढं तर आम्हीच आधी 'माघारी' म्हणून टाकायचो. दिनकर एकदा थोरली दिसायच्या आधीच म्हणाला. तात्यांना ते कळत होतं की नाही, देव जाणे.

* * *

तात्यांच्या घरच्या, आमच्या वैनी, माहेर रहिमतपूरचं. बोलायला मोकळ्या. ब्लाउज शिवायला टाकायला आल्या की दरवेळी म्हणायच्या, "टेलरभावजी, तुमची ती थोरली मला बी एकदा दावा की. गावातल्या बाप्यांनी तेवढी बघायची व्हय?"

मी तात्यांना सांगायचो. तात्या म्हणायचे, "बायामानसांचं काम न्हाई ते." एवढं बोलून विषय बदलायचे.

पाचव्या उन्हाळ्यातला एक रविवार. आम्ही तिघं उन्हं वर आल्यावर नदीवर गेलो, तर काहील आमच्या आधीच काठावर ओढलेली. आत तात्या. बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत राख, खाली मान घालून घासताहेत. कडेच्या धोंड्यावर वैनी बसलेल्या, पुढ्यात हातभर लांब मरळ. पदर ओला आणि चेहरा नुसता फुललेला.

दिनकरनं विचारलं, "तात्या, हे काय?"

तात्या घासत राहिले. वैनीच बोलल्या. "मी म्हटलं, आज न्हेल्याबिगर भाकरी थापनार न्हाई. तवा न्हेलं. मी आपली पान्यात हात घालून बसले हुते, गार लागत हुतं. तर ती आली की शेजारी. ह्या इथं, हाताला लागंल एवढ्यावर. मी म्हटलं, आवं, डोळं किती गोमटं हायत हिचं."

"मग?"

"मग मी 'माघारी' म्हटलं," तात्या खालूनच म्हणाले. "तीनदा म्हटलं."

बाबालालभाई पुढं झाले. नियम त्यांचा, आणि त्या नियमानं तात्यांना काय मिळालं होतं हे त्यांनाही ठाऊक. ते हळूच म्हणाले, "तात्या, आमी कुठं ऐकलंय? तुमी दोघंच हुता. असलं धरत न्हाईत. उठा."

"मी ऐकलंय न्हवं," तात्या म्हणाले. "पारावर सांगा जावा. तात्या भ्याला म्हनावं."

मी मान फिरवून नदीकडे बघत बसलो. थोरली पलीकडच्या वाळूवर जाऊन ऊन खात पडली होती.

दिनकरला गप्प राहवत नाही. तो म्हणाला, "वैनी, तुमी न्हाई भ्याला?"

"तिला? न्हाई बा."

एवढं म्हणून वैनी उठल्या. पदर खोचला. "जो भ्याला त्यानं घासायची, असंच हाय न्हवं तुमचं?"

"व्हय," बाबालालभाई म्हणाले.

वैनींनी राखेची मूठ भरली आणि काहिलीत पाय टाकला.

"मग सरा तिकडं," त्या तात्यांना म्हणाल्या. "तुमी मिल्ट्रीत हुता ती वीस वर्सं मी भ्यालेली हाय."