उपासाला कळण्याची भाकरी

खरं सांगते, त्या वर्षी मी मुक्ताईवर रुसले होते. आमचे हे माळकरी, दारूच्या थेंबाला न शिवलेले. तरी जुन्या काविळीनं त्यांचं लिव्हर आकसलं. रावेरात लोक म्हणायचे, "पीत असतील चोरून." माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. त्यात त्यांना शौचाला काळंभोर होऊ लागलं. मी म्हटलं, उडीद-ज्वारीच्या कळण्याची काळी भाकरी रोज खाता, त्यानंच होत असेल. त्यांनाही ते पटलं.

नवरात्र बसलं. इतकी अशक्ती, तरी हे उपास सोडेनात. अष्टमीला मुक्ताईच्या दर्शनाला एदलाबादला गेलो; मुक्ताईनगरला तेव्हा सगळे एदलाबादच म्हणायचे. देवळात धुपाचा धूर दाटलेला, टाळ कुठून तरी लांबून वाजत असावेत असं वाटत होतं. हे मटकन खाली बसले, चेहरा पांढराफटक. एक म्हातारी पाणी घेऊन आली, काय होतंय विचारू लागली. मी संकोचत काळ्या शौचाचं सांगितलं, वर कळण्याच्या भाकरीचंही.

ती खळखळून हसली. "माय वं! उपासाले कयन्याची भाकर चालते तुमच्यात?" आणि एकदम गंभीर झाली. "पोटात भाकर नही, तं हे कशानं होते, माय?"

अगं बाई, खरंच की! घट बसल्यापासून भगरीशिवाय पोटात काही नव्हतं, तरी काळं होतच होतं. म्हातारीनं रस्त्यावर जाऊन केळीचा ट्रक थांबवला. "जळगावले ने रे यायले, मोठ्या दवाखान्यात."

दवाखान्यात पाऊल टाकलं आणि ह्यांना रक्ताची उलटी झाली. मोठी, भळभळून. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, आत तिचा फुगा फुगवून रक्त दाबून धरलं. म्हणाले, "लिव्हरच्या आजारानं अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, त्यातली एक फुटलीय. आधी थोडं थोडं झिरपत होतं, म्हणून काळं. वाटेत फुटली असती तर, ताई, हाती काही लागलं नसतं."

मी बाहेर बाकावर बसले. नवस बोलायला तोंड उघडलं. आजवर मुक्ताईशी मी बाजारच केला होता, हे दे म्हणजे ते वाहीन. त्या दिवशी एवढंच म्हटलं, "आई, तुझाच आहे गं माणूस. ठेव, नाहीतर ने." म्हटलं आणि छाती हलकी झाली, का ते मला आजही सांगता येत नाही.

पुढे दुर्बिणीतून सुया देऊन त्या शिरा बुजवल्या. आजार गेला नाही. सुयांसाठी जळगावच्या खेपा चालूच आहेत. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. कोण होती, हे मी कुणाशी वाद घालून ठरवत नाही. पहाटे जाग आली की अंधारात ह्यांच्या श्वासाचा कानोसा घेते. तो ऐकू आला की तिथंच, अंथरुणात, हात जोडते. मागायचं काही उरलेलं नसतं.