खिसा असलेली पिशवी

आमच्या यांचा निळा शर्ट कॉलरपाशी विरला, तेव्हा मी त्याची भाजीची पिशवी शिवली. खिसा तेवढा तसाच ठेवला. आज मंडईत शेजारच्या वहिनी हसल्या, "अहो, एखादी नवी पिशवी घ्या की!" मी पिशवीचं तोंड उघडून धरलं. भाजीवाल्या मावशींनी पिशवीत दोडके घातले आणि कढीपत्ता सवयीने त्या खिशात खोचला.

घरी दोडक्याच्या सालींची चटणी परतताना मनात आलं, टाकायला काय, कुणालाही येतं. विरलेल्या कापडातला, सालीतला जीव ओळखायला घरात माझ्यासारखी बाई लागते!

तेवढ्यात दार वाजलं. वहिनीच होत्या, हातात भाऊजींचा जुना चौकटीचा शर्ट.

"खिसा ठेवाल ना?" त्या म्हणाल्या. "आणि वास कसला सुटलाय हो?"

मी आधी ताट घेतलं, मग कात्री.