आधी उतरायची वाट

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वीर स्टेशनबाहेर महाडच्या रिक्षात बसत होते. फोन त्यांच्या भाचीचा, सुजाताचा. "मावशी गेली गं... पहाटे, झोपेतच." रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "म्याडम, कुठं सोडू?" तेव्हा कुठं भानावर येऊन मी बाईंच्या गल्लीचं नाव सांगितलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

शालिनीबाई म्हणजे पोलादपूरकडच्या आमच्या डोंगरातल्या वाड्यांच्या नर्सबाई. लसीचा डबा खांद्याला अडकवून नोकरीभर त्या पायी फिरल्या. त्या बौद्ध, म्हणून आमच्या आजीनं सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांना ओटीवरच, वेगळ्या कपात चहा दिला. हेही लिहायलाच हवं. त्याच घरातली सून, म्हणजे माझी आई, माझ्या वेळी अडली तेव्हा तिला डोलीत घालून खाली कापडे गावच्या रस्त्यापर्यंत बाईंनीच उतरवलं. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, हे मी अजूनही ताठ मानेनं सांगते. आता महाडला शिकवते. पण मी जगात नीट आले ती बाईंच्या भरवशावर.

निवृत्त झाल्यावर एक दिवस त्या मला म्हणाल्या, "संगीता, मला लडाखात चालायचंय. एका खिंडीपलीकडं जुना गोंपा आहे, तिथल्या बुद्धापुढं जाऊन उभं राहायचंय." मी म्हटलं, तिथं जीप जाते की! तर म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या दारी पायी गेले गो. त्याच्याच दारी गाडीनं जाऊ?"

मार्ग शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून असा मार्ग काढला की ज्यात दोन मोठ्या खिंडी होत्या आणि मधे चार दिवस माणूसकाणूस नव्हतं. फोटो काय येतील, हेच माझ्या डोक्यात. बाईंनी चष्मा लावून नकाशा पाहिला. त्यांचा प्रश्न एकच. "तिसऱ्या दिवशी कोणाला बरं नाय वाटलं, तर खाली कुठून आणायचं?" मी म्हटलं, पुढं गेलं काय, मागं आलं काय, खिंड लागणारच. "म्हणजे उतरायचं तरी आधी चढायचं," असं म्हणून त्यांनी माझा मार्ग बाजूला सारला. मग सांगितलं की डोली उचलण्याआधी त्या नेहमी एका गड्याला पुढं पाठवत. ओढ्याला पाणी किती, दरड कुठं आलीय, हे कळल्यावरच बाईमाणसाला घराबाहेर काढायचं. तसाच मार्ग त्यांनी निवडला. नदीच्या खोऱ्यानं जाणारा, लांबलचक, रोजच्या मुक्कामावरून रस्त्याला उतरता येईल असा. खिंड एकच, शेवटच्या दिवशी. उंचीही रोज थोडीथोडीच वाढणार. मला तो म्हाताऱ्यांचा मार्ग वाटला, आणि तसं मी बोललेही. "मी म्हातारीच हाय," त्या म्हणाल्या.

सरावाला आम्ही दर रविवारी पाचाडवरून रायगड चढायचो. मी पुढं पळायची आणि वर बसून टोमणे मारायची, "बाई, तुमची वाट बघता बघता माझं दोनदा ताक पिऊन झालं!" त्या आपल्या संथ चालीत यायच्या. म्हणायच्या, "चढताना बोलता आलं पायजे. दम लागून गप्प झालीस, म्हणजे चाल चुकली." मी हसण्यावारी न्यायची. डोंगरात जन्मलेल्या माणसाला चढणं काय शिकवायचं?

हाच तोरा घेऊन मी लेहला उतरले. विमानातून उतरल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं, असं बाईंनी बजावलं होतं. त्या झोपल्या आणि मी समोरच्या टेकडीवरच्या गोंपाच्या पायऱ्या जवळजवळ धावत चढून आले. संध्याकाळपासून डोकं धरलं. ते मी सांगितलं नाही. सामानाला एक घोडेवाला घेऊन आम्ही चालायला लागलो, तेव्हापासून बाई रोज विचारायच्या, "डोकं कसंय?" मी रोज सांगायची, मस्त. खिंडीच्या आदल्या सकाळी मात्र मला बुटाची नाडी बांधता येईना. ते बघून बाई म्हणाल्या, "उठ. एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत सरळ चाल." चौथ्या पावलाला मी कलंडले.

"खाली," त्या म्हणाल्या.

"बाई, उद्या खिंड आहे. तुम्ही जा पुढं, मी घोडेवाल्याबरोबर उतरते..."

"पेशंटला अर्ध्या वाटेवर सोडून मी कधी गेल्ये का?"

बाजूच्या ओढ्यानं उतरणारी वाट त्यांनी घरी बसूनच हेरून ठेवली होती. तिनं आम्ही पाच तास उतरलो. माझा एक हात घोडेवाल्याच्या खांद्यावर, दुसरा बाईंच्या. रस्त्याला जीप मिळाली, लेहच्या दवाखान्यात ऑक्सिजन लागला. डॉक्टर म्हणाले, विरळ हवेचा त्रास मेंदूपर्यंत पोचलाय, अजून एक मुक्काम वर केला असता तर कठीण होतं. मी रडायला लागले. मी चार दिवस खोटं बोलले नसते तर बाई दुसऱ्या दिवशी बुद्धापुढं उभ्या असत्या. त्या मात्र कॉटशेजारी बसून म्हणाल्या, "रडतेस काय? तुझी आई उतरताना वाटभर मला शिव्या देत होती. तू निदान गप्प आलीस." बरी झाल्यावर मी जीपनं तरी जाऊ म्हटलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. परत येऊ कधीतरी, म्हणाल्या.

गावी आलो तर आई चुलीपाशी वाटच बघत होती. "काय गो बाय, झाली का तुझी खिंड?" आणि मी, शिकलेली, म्हटलं, "बर्फ पडला. वाटच बंद केली." बाई आईशेजारीच चहा पीत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली, माझ्याकडं पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "हवामानाचं काय खरं नाय तिकडं." नंतरही त्यांनी तो विषय कधी काढला नाही. पुढं गुडघ्यानं दगा दिला आणि बाईंचं चालणं घरापुरतं उरलं.

दोन वर्षं मी बर्फाचीच गोष्ट सांगत आले. म्हणून इथं लिहिते: बर्फ नव्हता. खिंडीवर स्वच्छ ऊन होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सुजातानं मला बाईंच्या खोलीत नेलं. कपाटात माझ्या नावाचं पाकीट होतं. आत त्याच खोऱ्याचा नकाशा, खिंडीपलीकडच्या गोंपापर्यंत आखलेला. मुक्काम एक जास्त, उतरायच्या वाटा लाल पेन्सिलीनं. सोबत एक चिठ्ठी. पेशंटला मोठ्या दवाखान्यात पाठवताना डॉक्टरांच्या नावे त्या लिहायच्या तशीच, पण ही घोडेवाल्याच्या नावे, बाईंच्या हिंदीत: "संगीता, उमर चौतीस. तेज चलती है. डोका दुखा तो बताती नहीं. रोज सुबह पूछना. अकेली को छोडना नहीं."

स्वतः चालू शकत नव्हत्या तेव्हा बसून माझ्यासाठी एवढं केलं... जुलैमध्ये जाते आहे. चिठ्ठी घोडेवाल्याच्या हातात देईन. मग सकाळी त्यानं विचारलं की जे असेल ते खरं सांगायचं, एवढं मी ठरवलंय.