जात्यावरचा कॅमेरा

जात्याचा वरचा दगड टेकाडावरून सुटला तेव्हा माझ्या जावेचे वडील अंगणात बाजेवर बसून तंबाखू मळत होते. दगड निवडुंगाच्या कुंपणातून आरपार आला. मी ओरडले, "मामा, उठा!" त्यांना वाटलं, मी जेवायला उठवतेय. म्हणाले, "हातातली तंबाखू तर खाऊ दे, पोरी." मग त्यांनी मान वर केली, दगड बघितला, आणि त्या वयाच्या, त्या पोटाच्या माणसाला एवढी उडी मारता येते हे आम्हा सगळ्यांना कळलं. दगडाने बाजेचा एक पाय नेला, पाण्याचा रांजण फोडला आणि आमच्या उंबऱ्याला टेकून गप्प उभा राहिला.

हे ज्यांनी घडवून आणलं ते माझे धाकटे दीर. आता चिंचवडपासून चाकणपर्यंत गल्लोगल्ली इंजिनिअर सापडतात, पण घरातली एकूण एक वस्तू आभाळाच्या कामाला लावणारा माणूस या पट्ट्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरात झाला. तेव्हा महाळुंग्यात कंपन्या नव्हत्या. बाजरी होती, कांदा होता, आणि संध्याकाळनंतर अंधार होता. भावजी सायकल मारत चिंचवडला एका कारखान्यात फिटरकामाला जायचे. येताना पिंपरी कॅम्पात एका सिंधी भंगारवाल्याकडे थांबायचे आणि रोज काहीतरी लोखंड घेऊन यायचे. एकदा तिथूनच त्यांनी भात्याचा जुना कॅमेरा आणला. भंगारवाला प्रामाणिक होता. "ले जाओ भाई," तो म्हणाला होता, "इसमें से कुछ दिखता नहीं." भावजींना तेच हवं होतं. जे कुणाला दिसत नाही ते त्यांना बघायचं असायचं.

दिसायला चांगले होते. उंच, शेलाटे, पण मान कायम वर. त्यामुळे त्यांच्या पायांना शेणाचा चांगला परिचय होता. पत्र्याच्या नळीत भिंगं बसवून त्यांनी एक दुर्बीण केली होती, आणि एकदा का तिला डोळा लावला की माणूस गेला. मग त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच यायचं, "हूं." बाळा, म्हशीला पाणी दाखवलंस का? हूं. भाकरी वाढू का? हूं. भावजी, घराला आग लागलीय. हूं. हे मी स्वतः करून बघितलेलं आहे.

लग्नातसुद्धा तसंच. आमच्यात नवरा-नवरीला ध्रुव दाखवायची रीत आहे. भटजी हात वर करतात, कुठेतरी बोट दाखवतात, दोघं "दिसला" म्हणतात आणि लोक जेवायला बसतात. भावजी म्हणाले, "गुरुजी, तो ध्रुव न्हाई." भटजी म्हणाले, "असू दे, चालतो." भावजी म्हणाले, "कसा चालंल? ध्रुव चालतच न्हाई, म्हणून तर दाखवायचा." मग त्यांनी मांडवाचं कापड एका बाजूने सोडवलं, नवरीला बाहेर नेऊन खरा ध्रुव दाखवला, आणि शिवाय सप्तर्षी दाखवले, जे विधीत नव्हते. पंगत खोळंबली. भात गार झाला. माझी जाऊ मात्र डोळे मोठे करून बघत राहिली. तिच्या वडिलांनी त्या दिवशीच ठरवलं की आपण पोरगी एका वेड्याला दिली.

तर कॅमेरा. पहिल्यांदा त्यांनी तो लाकडी पेटीवर ठेवला, डोळा उघडा टाकला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. फोटो धुऊन आला तर त्यात नुसत्या वाकड्या रेघा. सासूबाईंनी कागद हातात घेऊन विचारलं, "ह्या चकल्या कुणी पाडल्या?" भावजींनी मला समजावलं. मी चौथी शिकलेली, त्यामुळे घरातली विदुषी मीच.

"वहिनी, तारे सरकतात. कॅमेरा जागचा हलत न्हाई, म्हणून रेघ उमटते. कॅमेरा ताऱ्यांबरोबर चालवाया पायजे."

"मग घ्या हातात आणि चाला."

"इतकं हळू माणसाला चालता येत न्हाई."

"पाणी आणायला जाता तेव्हा तर येतं."

मग मोटर आली. लष्कराच्या मोडीत काढलेल्या ट्रकची, पावसात काच पुसणारी मोटर. ती नीट चालते का हे बघायला त्यांनी ती आमच्या रवीला जोडली. ताक आढ्याला लागलं. आढ्याचं ताक सासूबाईंच्या डोक्यावर ठिबकलं आणि त्या वर न बघता म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, याला शाळेत घालू नका." मोटर फार जोरात फिरते असा निष्कर्ष निघाला. मग एका बंद घड्याळाची चाकं काढून तिला जोडली. ती हळू झाली. पण कॅमेरा ज्यावर बसवायचा ते जड हवं, हलता कामा नये, आणि फिरायला मात्र गोल फिरलं पाहिजे, अशी काही वस्तू जगात त्यांना मिळेना.

एका पहाटे मी बाजरी दळत होते. भावजी येऊन समोर उकिडवे बसले आणि जात्याकडे टक लावून बघायला लागले. मला वाटलं, भूक लागली असेल.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही पृथ्वी फिरवताय."

"मी बाजरी दळतेय. आणि पीठ सांडेल, तिकडे सरका."

त्या दिवसापासून जात्याचा वरचा दगड संध्याकाळी भावजींचा आणि पहाटे माझा. घरासमोरच्या टेकाडावर त्यांनी बाभळीचा जाड खांब रोवला, त्यात लोखंडी दांडा ठोकला, दांड्याचं टोक बरोबर ध्रुवाकडे. आपल्याकडे ध्रुव फार वर नसतो, त्यामुळे दांडा जवळजवळ आडवा आणि त्यात घातलेला दगड गाडीच्या चाकासारखा उभा. तो निसटू नये म्हणून पुढे लाकडी पाचर. दगडाला एक फळी बांधलेली. फळीच्या एका टोकाला कॅमेरा, दुर्बीण आणि त्यांची लोखंडी चौकट, आणि दुसऱ्या टोकाला तोल साधायला कांद्यांनी भरलेली पिशवी. एक कांदा घालायचे, एक काढायचे, सोनारासारखे. मोटर ट्रकच्या बॅटरीवर कुरकुरत दगडाला इतकी हळू फिरवायची की बघणाऱ्याला ती बंदच वाटायची. गावातली माणसं येऊन बघायची आणि म्हणायची, "बिघडलंय व्हय?" सासूबाईंनी पहिल्या दिवशी त्या उभ्या जात्याला हळदकुंकू वाहिलं. लक्ष्मीला असं टांगून ठेवलंय, निदान तिची माफी तरी मागावी, म्हणून.

त्याच उन्हाळ्यात शेंडेनक्षत्र उगवलं. दिवस मावळला की मावळतीला, उत्तरेच्या अंगाला, टेकाडाच्या अगदी माथ्यावर दिसायचं. माझी जाऊ तेव्हा पोटुशी होती, सातवा संपत आलेला. सासूबाईंनी फर्मान काढलं की पोटुशी बाईने शेंडेनक्षत्र बघायचं नाही, पोराला खोड येते. दिवस कलला की तिला आत बसवायचं आणि दार लोटायचं. ध्रुव बघायला मांडवाबाहेर आलेली बाई ती. आत बसून तडफडायची.

"आक्का, कसा दिसतो, सांगा की."

"केरसुणीसारखा."

"नवी केरसुणी का झिजलेली?"

"झिजलेली. निज आता."

भावजींनी दाराबाहेरून सांगितलं, "तू काळजी करू नगंस. मी तुला कागदावर आणून दाखवतो. कागदावरचं बघाया आईची ना न्हाई." सासूबाईंनी विचार केला आणि कागदाला परवानगी दिली.

पण आज ढग, उद्या बॅटरी उतरलेली, परवा पाचर ढिली. आणि मग जावेचे वडील बैलगाडी घेऊन पोरीला बाळंतपणाला न्यायला आले. आल्या आल्या ओट्यावरूनच म्हणाले, "विहीणबाई, जावई जात्यावर तारे दळतात असं ऐकलं. खरं हाय का?" सासूबाई खोटं बोलत नसत. "व्हय," म्हणाल्या, "पण पीठ अजून पडलेलं न्हाई." पाहुणे हसले नाहीत. पोरगी उद्या सकाळी न्यायची, आणि बाळंतीण झाल्यावर परत धाडायची की नाही ते आम्ही बघू, वेड्याच्या घरात लेकरू वाढवायला आमच्याकडे जागा कमी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जाऊ आतून ऐकत होती. भावजींनी जात्याचा दगड खांद्यावर घेतला आणि टेकाड चढायला लागले. एकच संध्याकाळ उरली होती, आणि आभाळ स्वच्छ होतं.

इकडे सासूबाईंना पाहुण्यांसाठी पिठलं करायचं होतं. आमचे मालक चाकणच्या बाजाराला गेलेले, कांद्याची सगळी पोती त्यांनी गाडीत घालून नेलेली. घरात एक कांदा नाही. पाहुण्याला, तेही रुसलेल्या पाहुण्याला, बिनकांद्याचं पिठलं वाढायचं म्हणजे पोरगी कायमची गेलीच. कांदे होते ते टेकाडावर. सासूबाई गुडघे धरत वर गेल्या. भावजी दुर्बिणीला डोळा लावून उभे, कॅमेऱ्याचा डोळा उघडा, मोटर कुरकुरतेय, आणि शेंडेनक्षत्र बरोबर मधोमध.

"बाळा, ह्यातलं कांदं घेऊ का रं?"

"हूं."

"चार घेते. पाचवा पण घेते, पाव्हणं जाडजूड हायेत."

"हूं."

सासूबाईंनी पदरात कांदे भरले आणि त्या बाजूला झाल्या. कॅमेऱ्याचं टोक धाडकन खाली आलं. दगडाने हिसका खाल्ला, पाचर उडाली, फळी मोडून कॅमेरा गवतात पडला आणि मोकळा झालेला दगड खाली निघाला. पुढचं वर सांगितलंच आहे.

रांजण फुटल्याचा आवाज झाला तशी जाऊ दार उघडून बाहेर आली. तिला वाटलं, नवराच पडला टेकाडावरून. उंबऱ्याशी उभा असलेला दगड तिने त्या अवस्थेत ओलांडला आणि अंगणात येऊन ओरडली, "कुठं हायती ते?" आम्ही सगळे एकदम ओरडलो, "आत जा! वर बघू नगंस!" वर बघू नकोस म्हटल्यावर कोण खाली बघेल? तिने टेकाडाकडे बघितलं. माथ्यावर भावजी धावत खाली यायला निघालेले, त्यांच्यामागे सासूबाई पदरातले कांदे सांभाळत, आणि त्या दोघांच्या वर ते शेंडेनक्षत्र. जाऊ बघतच राहिली. हात पोटावर, तोंड उघडं.

"आगं बाई," ती म्हणाली, "हा तर मोराच्या पिसावानी हाय. आक्का, तुमी केरसुणी म्हणालात!"

भावजी खाली पोचले. मला खात्री होती की आधी जात्याची चौकशी होणार. पण त्यांनी पहिल्यांदा बायकोकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे, आणि विचारलं, "कुणाला लागलं का?" त्या माणसाने वर सोडून खाली बघितलेलं मी तेव्हाच बघितलं.

लागलं कुणालाच नव्हतं. पण जावेच्या वडिलांचा जीव अजून ठिकाणावर आला नव्हता. काहीतरी केल्याशिवाय त्यांना चैन पडेना. कंदील घेऊन ते टेकाडावर गेले, गवतातला कॅमेरा उचलून आणला, धोतराने पुसला, आणि फुटला तर नाही ना हे बघायला कंदिलाच्या उजेडात त्याचं मागचं झाकण उघडलं. आत बोट घातलं. फिल्म ओढून बाहेर काढली, उलटी केली, सुलटी केली.

"जावईबापू," ते कळवळून म्हणाले, "आत काहीच आलेलं न्हाई की हो."

भावजींनी डोळे मिटले. मग ते अंगणातच खाली बसले आणि हसायला लागले. आधी आम्हाला वाटलं, रडतायत. "मामा," ते म्हणाले, "आलं होतं. तुमी बघाया उघडलंत तवा गेलं." फिल्मला उजेड लागला की सगळं पुसलं जातं, हे कळायला पाहुण्यांना थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पोरीला म्हणाले, "तुझ्यासाठी काढत होता व्हय?" ती म्हणाली, "आता कशाला पायजे? मी बघितला की." त्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि पिठलं करायला आत गेल्या. पिठलं चांगलं झालं होतं. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं, आणि हात धुताना कुणाकडेही न बघता म्हणाले, "बाळंतपण झालं की मीच आणून सोडीन. रांजण बी आणीन नवा."

दोन्ही आणले.

भावजींना त्या शेंडेनक्षत्राचा फोटो कधीच मिळाला नाही. पुढे ते फिक्कट होत गेलं आणि मावळलं. नंतर खूप वर्षांनी, चांगली यंत्रं करून, त्यांनी ताऱ्यांचे ताऱ्यांसारखे फोटो काढले. काळ्या कागदावर पांढरे ठिपके. एक चौकट करून भिंतीवर लावला होता. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "कागद खराब निघाला का?" भावजी म्हणायचे, "हूं."

ते टेकाड आता नाही. कंपनीने सपाट करून तिथे गोदाम बांधलं, त्याचे दिवे रात्रभर जळतात. भावजी गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना गच्चीत खुर्ची टाकून बसवायची. मान वर करून बसायचे, काही दिसायचं नाही. मी एकदा म्हटलं, आता कशाला ताटकळता, आत चला. म्हणाले, "वहिनी, ते तिथंच हायती. आपलंच दिवं आड येतात."

जातं माझ्याकडे आहे. वरच्या दगडाचा एक टवका उडालेला आहे, उंबऱ्याला आपटला तेव्हाचा. दळायला कुणी बसत नाही.

सासूबाई गेल्या, जावेचे वडील गेले, भावजी गेले, गेल्या वर्षी जाऊही गेली. तिला मुलगी झाली होती. खोड वगैरे काही नाही, हातीपायी धड. रावेतला राहते, आता तीच आजी झालीय. त्या संध्याकाळी अंगणात होतो त्यांच्यातल्या दोघीच आता आहोत. एक मी, आणि एक ती पोटातली.