भावजींचा लंगडा रॅप्टर

चंद्रहास भावजींना कुणी ‘वरण छान झालंय’ म्हटलं, तरी ते विचारणार, ‘कशावरून?’ मूळचा वर्ध्याचा माणूस, पण उभा जन्म लखनौच्या एका संस्थेत जीवाश्म तपासण्यात गेला. सरळ, सज्जन, पण पुराव्याशिवाय पाणी पिणार नाहीत. त्यांची बायको हेमा माझी जिवाची मैत्रीण. ती ‘मला बरं वाटत नाही’ म्हणायची, तेव्हाही हे रिपोर्टची वाट बघत बसले. रिपोर्ट आला तेव्हा उशीर झाला होता. त्यांची लेक मुक्ता ते विसरलेली नाही.

हेमा गेल्यावर लखनौच्या महानगर भागातल्या त्या घरात बापलेक भाडेकरूंसारखे राहू लागले. हे मराठीत विचारायचे, ती हिंदीत एका शब्दात उत्तर द्यायची. तशात तिला बंगळुरूची नोकरी चालून आली. सोमवारी कळवायचं होतं.

मला म्हणाली, “मावशी, बाबा एक बार कह दें ना, रुक जा, तो मैं यहीं कुछ ढूँढ लूँगी.”

“अगं, मग विचार की त्यांना!”

“पूछूँगी. अपने तरीक़े से.”

तिचा तरीका म्हणजे खेळ. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, अडलं की फासे टाकायचे. रविवारी तिने स्वतः रचलेला खेळ मांडला आणि तिचा मित्र समीर, मी आणि भावजी अशा तिघांना बसवलं. आम्ही तिघं रॅप्टर, म्हणजे कळपाने शिकार करणारे डायनोसॉर. सोंगट्या म्हणून मातीचे छोटे रॅप्टर तिनेच घडवलेले. भावजींच्या वाट्याला लंगडा आला.

“सामने नदी है, शिकार उस पार,” मुक्ता सांगू लागली. “झुंड भूखी है. बाबा, आप घायल हैं, तैर नहीं सकते. आप झुंड से क्या कहेंगे?”

खेळाआडून पोरगी काय विचारतेय, ते मला कळलं. भावजींनी मात्र चष्मा वर सरकवला.

“पण हे कळपाने शिकार करत, याला भक्कम पुरावा नाही. सांगाडे एका जागी सापडतात, बस. पुरात वाहूनही आले असतील. एकत्र सापडले म्हणजे एकत्र राहत होते असं होत नाही, बेटा.”

त्यांच्या पाठीत एक धपाटा घालावा असं वाटलं मला.

मुक्ताने फासे गोळा केले. “हाँ बाबा. हम दोनों भी तो एक ही घर में मिलते हैं.”

सोमवारी तिने नोकरीला होकार कळवला.

तिला पोचवायला आम्ही तिघं चारबाग स्टेशनवर गेलो. भावजींनी पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि बर्थचा नंबर दोनदा तपासला. गाडी गेली. मग त्यांनी खिशातून तो लंगडा रॅप्टर काढला.

“विनीताताई, त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं हो?”

मला राग आवरेना, रडूही. “थांबा म्हणायचं होतं! तेवढंच!”

समीर खाली बघत म्हणाला, “अंकल, आप बस ‘रुको’ कहते, तो कोई नदी पार नहीं कर सकता था. मुक्ता ने नियम ही ऐसा बनाया था.”

भावजी त्या मातीच्या रॅप्टरकडे बघत राहिले. ‘कशावरून’ असं त्यांनी विचारलं नाही.